बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या रुग्णांसाठी मोबाइल ॲप : विभागाने ते कसे उभारावे आणि कसे चालवावे

बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजेच अस्थिमज्जेतील किंवा रक्तातून गोळा केलेल्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, झालेला रुग्ण घरी जायला निघतो तेव्हा त्याच्या नातेवाइकांच्या हातात डिस्चार्ज कार्ड, औषधांची लांबलचक यादी, आहाराचा तक्ता आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा असतात. हे सगळे त्यांना त्याच दिवशी, बिलाची आणि गाडीची धावपळ चालू असताना समजावले जाते. भारतातले पहिले यशस्वी ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले; तेव्हापासून औषधे बदलली, दात्यांचे पर्याय वाढले, पण घरी पाठवतानाची ही घाई फारशी बदललेली नाही. कुटुंब पुढचे काही आठवडे खारघरला ॲक्ट्रेक या टाटा स्मारकाच्या केंद्राच्या आसपास किंवा पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहते आणि मग नांदेडला, बुलढाण्याला, सिंधुदुर्गात आपल्या गावी परतते. शंका येतात त्या तिथे, आणि बहुधा रात्री.

मोबाइल ॲपचे खरे काम या ठिकाणी आहे. माहिती तर छापील पुस्तिकेतही असते. ॲपने ती ज्या दिवशी लागते त्या दिवशी पुढे ठेवायची आणि घरी सुरू झालेला त्रास विभागापर्यंत वेळेत पोहोचवायचा. दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि त्यासाठी माणूस नेमता येत नसेल तर ॲप न केलेलेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मजकूर ट्रान्सप्लांट समन्वयक, परिचारिका, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिली पायरी : ॲपने काय करायचे ते ठरवणे

सुरुवात संगणकतज्ज्ञांच्या बैठकीने करू नये. विभागाच्या फोनवर महिनाभरात नातेवाइकांचे जे फोन येतात त्यांची एक साधी वही ठेवावी : फोन कोणी केला, ट्रान्सप्लांटनंतर कितव्या दिवशी केला, काय विचारले. गोळी उलटून पडली, आता पुन्हा द्यायची का. घरात पाहुण्यांना सर्दी आहे. शिरेत बसवलेल्या नळीच्या, म्हणजे लाइनच्या, ड्रेसिंगला पाणी लागले. तोंडात फोड आले असताना खायला काय द्यायचे. अशा प्रश्नांचे गठ्ठे आपोआप दिसू लागतात. ॲपमध्ये जायला हवे ते या वहीतले. त्यातली तीन-चार कामे निवडावीत आणि बाकीचा मोह आवरावा.

त्यानंतर रुग्णांचे प्रकार वेगळे करावेत. स्वतःच्याच पेशी परत दिलेल्या, म्हणजे ऑटोलोगस ट्रान्सप्लांट झालेल्या, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रौढ रुग्णाला दात्याच्या पेशींनी शरीरावर केलेला हल्ला, म्हणजे जीव्हीएचडी, होण्याची धास्ती नसते आणि त्यासाठीची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही नसतात. भावंडाच्या पेशी मिळालेल्या थॅलेसेमियाच्या मुलाला ही दोन्ही असतात. दोघांना एकच मजकूर दाखवला, तर पहिला विनाकारण घाबरतो आणि दुसऱ्याच्या आईला महत्त्वाचे पान सापडत नाही. म्हणून नोंदणी करतानाच ट्रान्सप्लांटचा प्रकार, वय आणि पेशी दिल्याची तारीख भरावी. ती तारीख म्हणजे दिवस शून्य. विभागात सगळे बोलणे ‘आज प्लस बारा’, ‘आज प्लस तीस’ असेच चालते. ॲपचे कॅलेंडरही तसेच चालले पाहिजे, आणि ही नोंदणी रुग्णावर न सोपवता परिचारिकेने स्वतः करावी.

दुसरी पायरी : फोन कोणाचा आहे ते पाहणे

रुग्णाचा मोबाइल क्रमांक म्हणून केसपेपरवर जो क्रमांक असतो, तो पुष्कळदा रुग्णाचा नसतोच. तो भावाचा असतो, आणि भाऊ कामावर गेला की फोनही जातो. रुग्णाजवळ दिवसभर राहणारी व्यक्ती, बहुतेक घरांत आई किंवा पत्नी, जो फोन वापरते त्यावर ॲप बसायला हवे. त्या फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे, गावात नेटवर्क कसे आहे, त्या व्यक्तीला वाचता कितपत येते, ती मराठी वाचते की हिंदी, की घरात अहिराणी किंवा कोकणी बोलते, हे भरती असतानाच विचारून घ्यावे. यावरून तीन गोष्टी ठरतात : ॲप हलके असावे, मुख्य पाने इंटरनेट नसतानाही उघडावीत, आणि प्रत्येक पानाखाली तोच मजकूर ऐकवणारे बटण असावे. ध्वनिमुद्रण विभागातल्या परिचारिकेच्या आवाजात केले तर उत्तम, कारण तो आवाज ओळखीचा असतो.

तिसरी पायरी : तयार साधन की स्वतःचे?

परदेशात या विषयावर बरेच काम झाले आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या गटाने बालरुग्णांच्या पालकांसाठी ‘बीएमटी रोडमॅप’ हे साधन तयार केले, ज्यात रक्ताचे रिपोर्ट, औषधे आणि उपचाराचे टप्पे पालकांना वॉर्डातच टॅबलेटवर पाहता येत. ओहायोतल्या गटाचे ‘बीएमटी४मी’ मुलांची औषधे वेळेवर देण्यावर भर देते. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतला ‘स्माइल’ प्रकल्प ॲपला प्रशिक्षित परिचारिकेची जोड देतो, आणि माझ्या मते आपण शिकावे ते या शेवटच्या रचनेकडून. ‘ई-जीव्हीएचडी’ नावाचे ॲपही उपलब्ध आहे, पण ते डॉक्टरांसाठी आहे. रुग्णांना ते सुचवू नये.

ही साधने जशीच्या तशी इथे चालणार नाहीत, कारण त्यांतला आहार, घरे, प्रवास आणि रुग्णालयाशी असलेला संबंध वेगळा आहे. छोट्या विभागाने थेट स्वतःचे ॲप लिहून घेण्याआधी सहा महिने साध्या साधनांवर काढावेत : ठरलेल्या दिवशी जाणारे संदेश, लहान ध्वनिफिती आणि एक ऑनलाइन फॉर्म. कोणता मजकूर ऐकला जातो आणि कोणता फॉर्म अर्धवट सुटतो हे कळल्यावर केलेला खर्च वाया जात नाही. पुढे ॲप करताना एक सीमा मात्र स्पष्ट ठेवावी. माहिती, आठवण आणि नोंद इतक्यावर थांबणारे साधन वेगळे, आणि निदान सांगणारे किंवा डोस ठरवणारे सॉफ्टवेअर वेगळे; दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू होऊ शकतात. टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा डोस ॲपने कधीही सुचवू नये.

चौथी पायरी : मजकूर

मजकूर इंग्रजी पुस्तिकेवरून उतरवला की तो कागदी होतो, आणि कधी कधी चुकीचाही होतो. त्वचेच्या जीव्हीएचडीचे लक्षण म्हणून ‘लाल चट्टे’ असे लिहिलेले असते. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. त्वचा काळवंडल्यासारखी, खरखरीत किंवा उन्हाने भाजल्यासारखी वाटते आणि खाज येते. म्हणून पानावर असे लिहावे : ‘रोज आंघोळीच्या वेळी तळहात, तळपाय, कानांच्या मागे आणि मानेवर नीट पाहा. रंग बदलला, खाज किंवा आग सुरू झाली, पुरळ आले, तर फोटो काढून पाठवा.’ सोबत आपल्याकडच्याच त्वचेची छायाचित्रे, अर्थातच लेखी परवानगी घेऊन, ठेवावीत.

आहाराच्या बाबतीतही तेच. फार कडक, ‘जंतुविरहित’ आहाराचा फायदा अभ्यासांत स्पष्ट दिसलेला नाही, त्यामुळे प्रत्येक विभागाची यादी निराळी असते आणि एकाच वॉर्डात डॉक्टर एक, आहारतज्ज्ञ दुसरे सांगतात. ॲपमध्ये काहीही घालण्याआधी विभागाने एकत्र बसून एकच यादी नक्की करावी. ती यादी ‘कच्चे अन्न टाळा’ अशी मोघम नको. कोशिंबीर, वरून घातलेली कच्ची कोथिंबीर, ओल्या खोबऱ्याची सकाळची चटणी, घरी विरजलेले दही, उसाचा रस, पाणीपुरी, प्रसादाचे पंचामृत, सकाळचा भात संध्याकाळी, अशा एकेका पदार्थापुढे ‘चालेल’, ‘आत्ता नको’ किंवा ‘विचारून’ असे लिहावे. कोकणातल्या कुटुंबांसाठी पपनसाचा उल्लेख हवाच : ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसही टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनचे रक्तातले प्रमाण वाढवू शकते. गावातल्या वैद्यांचा काढा, गुळवेलीच्या गोळ्या, ‘प्लेटलेट वाढवणारा’ पपईच्या पानांचा रस यांबद्दल रागावून लिहू नये, कारण मग लोक घेतात पण सांगत नाहीत. ‘घेण्याआधी आम्हाला नाव कळवा, काही वनस्पती तुमच्या औषधांना मारक ठरतात’ एवढे पुरेसे आहे.

सगळा मजकूर पहिल्या दिवशी उघडा ठेवू नये. केमो सुरू होण्यापूर्वी लाइनची काळजी आणि तोंडाची निगा. पेशी दिल्यानंतर ‘काऊंट’ (रक्तपेशींची संख्या) म्हणजे काय आणि ते यायला दोन ते चार आठवडे का लागतात. डिस्चार्जच्या आठवडाभर आधी घराची तयारी. घराच्या तयारीत बुरशीचा मुद्दा ठळक हवा : ओल आलेली भिंत, शेजारी चाललेले बांधकाम, कबुतरांची घाण साचलेली खिडकी, कुंड्यांतली माती. प्रत्येक तुकडा दोन-तीन मिनिटांत ऐकून होईल इतका असावा, आणि तो ऐकल्यावर परिचारिकेने नातेवाइकांना ‘आता तुम्ही मला सांगा’ असे विचारावे. त्यांना सांगता आले नाही तर मजकूर बदलायचा.

पाचवी पायरी : रोजची नोंद

प्रश्न सहा-सातच असावेत आणि उत्तर बोटाने दाबून देता यावे : ताप किती, औषधे सगळी गेली का, उलटी झाली का, जुलाब किती वेळा, तोंड किंवा त्वचेत बदल, खाणेपिणे कालच्या मानाने कसे. लघवीचा रंग गुलाबी किंवा लाल दिसतो का हा प्रश्नही ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला विचारायलाच हवा. ‘तुम्हाला कसे वाटते, एक ते दहा’ असे प्रश्न आपल्याकडे फसतात. लोक सौजन्याने आठ-नऊ भरतात. त्याऐवजी ‘आज जिना चढलात का’, ‘आज किती वेळा जेवलात’ असे विचारले की खरे उत्तर मिळते.

सहावी पायरी : इशारा आणि त्याचे उत्तर

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातला एक अभ्यास इथे लक्षात घेण्याजोगा आहे. प्रगत टप्प्यातल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी केमोच्या काळात आपली लक्षणे संगणकावरून नोंदवली आणि लक्षण बळावले की परिचारिकांना ईमेलने सूचना गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नोंद करणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने आढळले. हे रुग्ण ट्रान्सप्लांटचे नव्हते, त्यामुळे तो आकडा आपल्या रुग्णांना लावता येणार नाही. पण सूचना माणसाकडे जात होती आणि तो माणूस काही करू शकत होता, हा भाग आपल्यालाही लागू आहे.

म्हणून ॲप सुरू करण्याआधी एका कागदावर, वरिष्ठ डॉक्टरांच्या सहीने, हे लिहून ठेवावे : कोणती नोंद तातडीची, ती कोणाच्या फोनवर जाईल, त्या व्यक्तीने किती वेळात फोन करायचा, ती रजेवर असेल तर कोण, आणि रविवारी कोण. तातडीच्या यादीत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप एकदाही, ताप नसतानाही हुडहुडी, कुठूनही रक्तस्राव, धाप, गोंधळलेपणा, आणि औषध पोटात न टिकणे, या गोष्टी असाव्यात; नेमकी मर्यादा विभागाच्या नियमाप्रमाणे ठेवावी. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला संसर्ग असूनही ताप दिसेलच असे नाही, तेव्हा त्याच्यासाठी ‘ताप नाही’ या उत्तरावर निश्चिंत राहू नये. आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, ही सूचना तापाच्या पानावर सर्वांत वर हवी.

रात्रीचा प्रश्न टाळता येत नाही. बहुतेक विभागांत रात्री ॲपच्या नोंदी पाहायला कोणी नसते, आणि ते लपवले तर जीव जाऊ शकतो, कारण घरच्यांना वाटते की आपण कळवले आहे. रात्री ताप भरला की पडद्यावर हे शब्द यावेत : ‘तुमची नोंद जमा झाली आहे, पण ती सकाळी पाहिली जाईल. थांबू नका. आत्ता या क्रमांकावर फोन करा आणि रुग्णालयात यायला निघा.’ खाली एकच मोठे बटण, दाबताच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लागेल असे. दूरच्या गावातल्या कुटुंबासाठी त्याच बटणाजवळ दुसरे पान ठेवावे, जे जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवायचे : रुग्णाचे ट्रान्सप्लांट कधी झाले, पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे आणीबाणी, अँटिबायोटिकला उशीर नको, आणि विभागाचा क्रमांक.

ही साखळी कागदावर ठेवून भागत नाही. एखाद्या रात्री, कोणालाही न सांगता, विभागातल्याच कोणीतरी खोटी नोंद भरून फोन कुठपर्यंत पोहोचतो ते पाहावे.

सातवी पायरी : औषधे

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायची असते त्या सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घ्यायची नसते. आणि आठवणीचा गजर मात्र नेहमीप्रमाणे आठ वाजता वाजतो. घरचे लोक इमानाने गोळी देतात आणि तपासणी वाया जाते. म्हणून तपासणीची तारीख गजराशी जोडलेली हवी आणि आदल्या रात्रीच संदेश जायला हवा : ‘उद्या रक्ततपासणी आहे. सकाळची टॅक्रोलिमस घरी घेऊ नका, डबीत सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. बाकीची औषधे नेहमीप्रमाणे.’

डोसच्या आकड्यांत दशांशचिन्ह ही दुसरी खाच आहे. लहान पडद्यावर ०.५ मधला ठिपका दिसत नाही. तेव्हा आकड्याबरोबर अक्षरांत ‘अर्धा मिलिग्रॅम’ लिहावे, आणि पट्टीचा व कॅप्सूलचा फोटो लावावा. औषधाच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची पट्टी मिळाली किंवा दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार हाती आला, तर घेण्याआधी फोटो पाठवावा, अशी सोय असावी. हे प्रकार परस्परांऐवजी चालत नाहीत. डोस बदलला की यादी बदलण्याचा अधिकार एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे असावा आणि जुनी यादी लगेच दिसेनाशी व्हावी.

आठवी पायरी : मनाचा आधार

एकाकी खोलीतले आठवडे, गळलेले केस, ‘माझ्यामुळे घर विकावे लागेल का’ ही चिंता, यांना ॲपमधल्या प्रेरक वाक्यांनी काही होत नाही. उपयोग होतो तो बोलणे सुरू करून देण्याचा. आठवड्यातून एकदा रुग्णाला आणि वेगळा सोबतच्या व्यक्तीला झोप, भीती आणि खर्च यांबद्दल एकेक प्रश्न विचारावा, आणि होकार आला की समुपदेशकाने किंवा समाजसेवकाने स्वतः फोन करावा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची बाल सेवा योजना, मुख्यमंत्री सहायता निधी यांची कागदपत्रे कुठे द्यायची हेही याच पानावर असावे. पैशाची चिंता आणि मनाची चिंता घरात वेगळ्या नसतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तो प्रत्येक पानावरून लागावा.

रुग्णांचा मोठा गट करण्याचा आग्रह होतो. मी तो सुचवणार नाही. गटातला एखादा रुग्ण दगावला की बातमी क्षणात सगळ्यांच्या फोनवर जाते, आणि त्याच आठवड्यात ज्यांचे ट्रान्सप्लांट आहे त्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी. शिवाय एकाचा डोस दुसरा घेऊ लागतो. त्याऐवजी वर्ष पूर्ण केलेल्या आणि थोडे प्रशिक्षण दिलेल्या एका कुटुंबाशी नव्या कुटुंबाची फोनवर गाठ घालून द्यावी.

नववी पायरी : गोपनीयता

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्यांत आहे. कायद्यापलीकडे एक व्यवहाराची गोष्ट : फोन घरात चारजण हाताळतात, तेव्हा बंद पडद्यावर ‘ल्युकेमियाच्या गोळीची वेळ’ असे झळकू नये, फक्त ‘आठ वाजले’ पुरे. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी याचे महत्त्व सांगावे लागत नाही. दाता नोंदणीसंस्थेमार्फत मिळालेला असेल तर त्याची कोणतीही ओळख ॲपमध्ये नसावी.

दहावी पायरी : चाचणी, आणि शंभर दिवसांनंतर

पहिल्या दहा-पंधरा कुटुंबांबरोबर चालवून पाहताना किती जणांनी ॲप उतरवून घेतले हे मोजण्यात अर्थ नाही. ताप आल्यापासून पहिल्या अँटिबायोटिकपर्यंत किती वेळ गेला, पातळीच्या किती तपासण्या वाया गेल्या, किती इशाऱ्यांना ठरलेल्या वेळेत उत्तर मिळाले, हे मोजावे. सुरुवातीची उत्सुकता ओसरली की नोंदी कमी होणारच. म्हणून प्रकृती स्थिर झाल्यावर रोजचे प्रश्न आठवड्यावर आणावेत. तीन दिवस नोंद आली नाही तर आठवणीचा चौथा संदेश न पाठवता फोन करावा.

शंभर दिवसांनंतर प्रश्न बदलतात. डोळे कोरडे पडणे, तोंडात तिखट सहन न होणे, सांधे आखडणे, चालताना दम लागणे ही जुनाट जीव्हीएचडीची चाहूल असते आणि लोक ती थकव्यावर ढकलतात. लहानपणीच्या लसींचे संरक्षण ओसरलेले असते, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनंतर लसीकरण नव्याने सुरू होते. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांपर्यंत आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असेपर्यंत देत नाहीत. गावातल्या आरोग्य केंद्रात हे माहीत असेलच असे नाही. तेव्हा या टप्प्यावर ॲपमधून एक पानाचा सारांश छापता यावा : ट्रान्सप्लांटचा प्रकार आणि तारीख, सध्याची औषधे, लसींचा तक्ता, बदललेला रक्तगट असल्यास तो, आणि रक्त द्यावे लागले तर ते विकिरित (किरणांची प्रक्रिया केलेले) असावे ही सूचना. त्याची एक प्रत घरातल्या फाइलमध्ये, एक स्थानिक डॉक्टरांकडे आणि एक रुग्णाच्या पाकिटात राहावी. त्या प्रतींवर तारीख घालावी आणि औषध बदलले की तिन्ही बदलून द्याव्यात.